तारीख का चुकते?

आपल्या सीमाभागातील कष्टकऱ्याला ‘तारीख’ हा शब्द दोन ठिकाणी भेटतो. एक कोर्टात आणि दुसरा सरकारी दवाखान्यात. कोर्टाची तारीख चुकली तर वकील पुढची तारीख मागून घेतो. दवाखान्याची तारीख चुकली तर रोग्याच्या वतीने उभा राहणारा वकील कोणी नसतो. नोंदवहीत त्याच्या नावापुढे एक खूण होते, आणि काही महिने तीच खूण होत राहिली म्हणजे ‘पाठपुराव्यातून सुटलेला’ असा शेरा त्याच्या नावावर कायमचा बसतो. एचआयव्हीची बाधा झालेली माणसे औषध फुकट मिळत असूनही ते घ्यायला का येत नाहीत, नियमाने येणारी मधूनच का नाहीशी होतात, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

या प्रश्नाला एक सोपे उत्तर नेहमी तयार असते: लोक अडाणी आहेत, निष्काळजी आहेत. शाळेच्या हजेरीपटावर मूल गैरहजर आहे एवढेच दिसते. ते घरी धाकट्या भावाला सांभाळत बसले आहे, की आईबरोबर खुरपणीला गेले आहे, हे पटावर लिहिलेले नसते. दवाखान्याच्या नोंदवहीचीही तीच गत आहे. तिच्यात गैरहजेरी सापडते, कारण सापडत नाही. ते शोधावयाचे तर नोंदवही मिटून रस्त्यावर यावे लागते.

प्रथम रोगाची हकीगत थोडक्यात सांगतो. १९८६ साली मद्रास येथे डॉ. सुनीती सॉलोमन यांनी आपल्या सहकाऱ्यांच्या मदतीने भारतातील पहिले बाधित शोधून काढले. या बाई माहेरच्या गायतोंडे, मराठी कुटुंबातील, हे आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. त्या काळी या रोगावर परिणामकारक असा उपाय नव्हता. पुढे औषधे निघाली, पण ती श्रीमंत देशांतील श्रीमंत माणसांची औषधे होती. २००१ साली मुंबईच्या सिप्ला या कारखान्याने वर्षाला ३५० डॉलर, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी किमतीत तीन औषधांचा संच देऊ केला, तेव्हा साऱ्या जगाचे डोळे विस्फारले. तरीही आपल्या मजुराला ती किंमत आवाक्याबाहेरचीच होती. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने ही औषधे मोफत द्यायला आरंभ केला. आरंभी सारी मिळून आठ केंद्रे होती. आज देशात २५ लाखांहून अधिक लोक या विषाणूसह जगत आहेत असा सरकारी अंदाज आहे, आणि उपचारकेंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचली आहेत. पूर्वी रक्तातील विशिष्ट पांढऱ्या पेशी ठरावीक मर्यादेखाली उतरेपर्यंत औषध सुरू करीत नसत; ‘अजून तुमची वेळ आली नाही’ असे सांगून परत पाठवलेली कित्येक माणसे पुन्हा फिरकलीच नाहीत. २०१७ पासून ती अटही गेली. बाधा आढळली की औषध सुरू, असे धोरण आले. तेव्हा औषध आहे, ते फुकट आहे, आणि ते उत्तम आहे. मग अडते कोठे?

ते पाहण्यापूर्वी तारीख चुकण्याने बिघडते काय, हे समजून घेतले पाहिजे. हे औषध विषाणूला मारून शरीराबाहेर घालवत नाही. त्याची वाढ थांबवते, एवढेच. विषाणूचा काही अंश शरीरातील पेशींत दडी मारून बसतो आणि औषधाचा पहारा उठला की काही आठवड्यांतच पुन्हा उसळी घेतो. त्याहून वाईट गोष्ट अशी की, पहारा अर्धवट असला म्हणजे विषाणू औषधाला सरावतो. जुन्या संचांतील काही औषधे रक्तात फार दिवस रेंगाळत आणि त्यांची जोडीदार औषधे लवकर निघून जात. त्यामुळे गोळ्या अचानक बंद झाल्या की विषाणूची गाठ एकट्यादुकट्या औषधाशी पडे आणि त्याला दाद न देणारी जात तयार होई. २०२० च्या सुमारास आपल्याकडे आलेला डोल्युटेग्राविर या औषधाचा संच पुष्कळ अधिक चिवट आहे. दिवसाला एक गोळी पुरते. पण ती गोळी खिशात असली तर!

उलट बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती फारशी सांगितली जात नाही. गोळी नियमाने घेणाऱ्याच्या रक्तातील विषाणू इतका कमी होतो की तपासणीत तो दिसेनासा होतो, आणि अशा माणसाकडून शरीरसंबंधातून दुसऱ्याला बाधा होत नाही. २०११ साली नऊ देशांतील १७६३ जोडप्यांच्या अभ्यासात असे आढळले की, लवकर औषध सुरू केल्याने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते. या अभ्यासात आपल्या पुण्याची जोडपीही होती. म्हणजे करजगीच्या एका मजुराची तारीख चुकते तेव्हा प्रश्न त्याच्या एकट्याचा राहत नाही.

आता रस्त्यावर येऊ. करजगी हे कलबुर्गी जिल्ह्यातील अफजलपूर तालुक्याचे गाव. कन्नड, मराठी आणि दखनी उर्दू या तिन्ही भाषा येथल्या बाजारात एकाच वाक्यात नांदतात. जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात जायचे तर आधी अफजलपूर, आणि तेथून सुमारे ६० किलोमीटरवर कलबुर्गी. समजा एका विधवा बाईची तारीख आज आहे. पहाटे उठून भाकरी थापून ती पहिली मोटार गाठते. केंद्रावर पोचते तोवर रांग लागलेली असते. नोंदणीची एक रांग, समुपदेशकाची दुसरी, डॉक्टरांची तिसरी आणि गोळ्यांच्या खिडकीची चौथी. एखाद्या तपासणीसाठी रक्त द्यायचे असेल तर पाचवी. परतीच्या मोटारीला उशीर झाला तर घरी पोचायला दिवेलागण उलटते. या साऱ्या दिवसाचे मोल काय? एक दिवसाची मजुरी, वाटेतला चहाफराळ आणि शेजारणीकडे ठेवलेल्या लेकराचे ओझे. महिन्याला एक याप्रमाणे वर्षाला असे बारा दिवस होतात. आणि दुसरे मूलही बाधित असेल तर त्याची शाळाही त्या दिवशी बुडते.

भाड्याचे म्हणाल तर तेथे अलीकडे एक चांगली गोष्ट घडली आहे. ११ जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेने राज्यातील स्त्रियांना साध्या सरकारी मोटारींतून मोफत प्रवास दिला. त्याच वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्राने आपल्या एस. टी. मध्ये स्त्रियांना अर्धे तिकीट केले होते. पण सरहद्दीवर राहणाऱ्याची गंमत पाहा. करजगीच्या बाईला कलबुर्गीची वाट फुकट आहे. अक्कलकोटवरून सोलापूर गाठायचे तर पैसे मोजावे लागतात. आणि पुष्कळांना नेमके सोलापूरच हवे असते.

ते का हवे असते, हे या विषयाचे मर्म आहे असे मला वाटते. जिल्ह्याच्या रुग्णालयात आपल्या तालुक्याची माणसे येतात. रांगेत मागे उभा राहिलेला माणूस बहिणीच्या सासरचा निघाला तर? औषधाच्या खिडकीवरची परिचारिका शेजारच्या गावची असली तर? ज्या दारावर ए. आर. टी. केंद्र अशी पाटी आहे, त्या दारातून आत शिरणे म्हणजे काही न बोलता सगळे सांगून टाकणे. म्हणून माणसे जवळचे केंद्र टाळून मुद्दाम परक्या जिल्ह्यात, परक्या राज्यात नाव नोंदवतात. अंतर ही त्यांची अडचण असते आणि अंतर हाच त्यांचा आडोसाही असतो. आपण नकाशावर पाहून म्हणतो की, केंद्र जवळ आणले की प्रश्न सुटला. सरकारने स्थिर प्रकृतीच्या रोग्यांसाठी तालुक्याच्या पातळीवर जोडकेंद्रे उघडली, आणि त्यांचा पुष्कळांना खरोखर उपयोग झाला. परंतु ज्याला आडोसा हवा आहे त्याला घराजवळची पाटी जाचते. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. एकच उपाय दोघांना पुरत नाही.

रेल्वेने या रोग्यांना उपचारासाठी जाताना भाड्यात सवलत ठेवली आहे. हेतू स्तुत्य आहे. पण ती मिळवायला दाखला दाखवावा लागतो, आणि दाखल्यावर रोगाचे नाव असते. तिकिटाच्या खिडकीवर मागे दहा माणसे उभी असताना तो कागद पुढे सरकवणे किती जणांना जमेल? अर्धे भाडे वाचवण्यासाठी जन्मभर जपलेले गुपित मोडण्यापेक्षा माणूस पूर्ण भाडे देतो, आणि तेवढे पैसे गाठीला नसले तर घरी बसतो.

घरी तरी मोकळेपणा असतो का? कित्येक सुनांनी सासूला सांगितलेले नसते, कित्येक नवऱ्यांनी बायकोला. मग दर महिन्याला बाहेर पडायला निमित्त लागते. आमच्या भागात त्याला तोटा नाही. गाणगापूरला दत्तदर्शनाला जाऊन येते म्हणावे, कलबुर्गीला बंदेनवाजांच्या दर्ग्यात नवस फेडायचा आहे म्हणावे. पण ही निमित्ते वर्षातून दोनचारदा चालतात, बारा वेळा चालत नाहीत. सहाव्या महिन्यात सासू विचारते, ‘अगं, दर महिन्याला कसलं गं तुझं काम?’ आणि ती तारीख चुकते. गोळ्यांची बाटली धान्याच्या कणगीत दडवायची, चारचौघांत गोळी गिळायची नाही, पाहुणे आले की दोन दिवस खाडा; हे सारे त्याच लपवालपवीचे भाग. येथे बायकांची कुचंबणा पुरुषांहून अधिक होते, यात शंका नाही. बाधा बहुधा नवऱ्याकडून आलेली, दोष मात्र तिच्या पायगुणाचा!

पुरुषांचे न येण्याचे कारण बहुधा पोटाचे असते. आमच्या सीमाभागातील तांड्यांवरून आणि कोरडवाहू गावांतून दसरा-दिवाळी उलटली की माणसे बाहेर पडतात; कोणी पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला, कोणी पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर, कोणी हैदराबादेस. ऊसतोडीचा हिशेब ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुकादमाकडून आगाऊ ‘उचल’ घेतलेली असते. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. एक दिवस कामावर गेले नाही तर त्याला ‘खाडा’ म्हणतात, आणि खाड्याचे पैसे त्या उचलीच्या हिशेबात कापले जातात. कारखाना पेटल्यापासून बंद होईपर्यंत पाचसहा महिने हीच तऱ्हा. या माणसाला तुम्ही महिन्याच्या अमुक तारखेला कलबुर्गीत हजर राहा म्हणता! सोबत एक महिन्याच्या गोळ्या नेल्या, त्या संपल्या. जवळ कोठे केंद्र आहे ठाऊक नाही. ठाऊक असले तर तेथे बदलीचा कागद मागतात. मुकादमाला काय सांगावे हा प्रश्न वेगळाच. गोळ्या संपतात आणि तो हंगाम संपायची वाट पाहतो. इकडे तूरकाढणीच्या दिवसांत गावात राहिलेल्यांचीही हीच अवस्था. चार पैसे मिळण्याचे ते दिवस. त्या आठवड्यात कोण रांगेत उभा राहील?

शिवाय अस्मानी असते. २०२० सालच्या ऑक्टोबरात भीमेला महापूर आला आणि अफजलपूर तालुक्यातील नदीकाठच्या गावांची वाट तुटली. त्याआधी मार्चपासून टाळेबंदी होतीच. अशा वेळी गैरहजर राहिलेल्याला अपराधी कसे म्हणावे?

रोग्याच्या देहाचेही काही म्हणणे असते. पूर्वीच्या एका औषधाने गाल खोल जात, हातापायांची आग होई. ज्या रोगाला लपवायचे तो औषधामुळेच तोंडावर उमटे. दुसऱ्या एका गोळीने रात्री घेरी येऊन वाईट स्वप्ने पडत. ती औषधे आता मागे पडली, तरी त्यांची आठवण वाड्यावस्त्यांतून अजून टिकून आहे. आणि याच्या अगदी विरुद्ध असे दुसरे कारण आहे: बरे वाटणे. वजन भरले, खोकला गेला, शेतात पूर्वीसारखे काम होऊ लागले की माणसाला वाटते, रोग गेला. ताप उतरला की गोळ्या बंद, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. जन्मभराचे औषध ही कल्पना सुशिक्षितांनाही चटकन पटत नाही. त्यात कोणी जडीबुटीवाला ‘तीन महिन्यांत समूळ काढतो’ म्हणून भेटला की उरलेसुरले बळ संपते. दारूचे नाव येथे घेतले पाहिजे, पण त्याविषयी अधिक सांगण्याजोगे नवे काही नाही.

दवाखान्याकडे बोट दाखवल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. एकदा तारीख चुकलेला माणूस पुन्हा आला की त्याला पहिला प्रश्न कोणता विचारतात? ‘इतके दिवस कुठे होता?’ हा प्रश्न कोणत्या आवाजात विचारला जातो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. बोलणी खायची भीती हे लांबणीचे मोठे कारण आहे: एक तारीख मजुरीमुळे चुकते, आणि पुढच्या तीन त्या एका तारखेच्या लाजेमुळे. समुपदेशकाची भाषा एक आणि रोग्याची दुसरी, ही अडचण तर सीमेवर दोन्ही बाजूंना आहे. दवाखानाही तारीख चुकवतो, हेही नमूद केले पाहिजे. २०२२ च्या जुलैत दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या दारात बाधित माणसे धरणे धरून बसली होती. त्यांची तक्रार औषधांच्या तुटवड्याची होती, महिन्याऐवजी थोड्या दिवसांच्या गोळ्या देऊन परत पाठवतात अशी होती. भाडे खर्चून गेलेल्या माणसाला आठवड्याच्या गोळ्या मिळाल्या, तर पुढच्या आठवड्यात तो कोणत्या विश्वासाने निघेल?

‘सुटलेले’ म्हणून ज्यांची नोंद होते ते सारे खरोखर सुटलेले असतात असेही नाही. आफ्रिकेतील देशांत अशा माणसांचा घरोघर शोध घेतला तेव्हा आढळले की, त्यांतील कित्येक मरण पावले होते आणि दवाखान्याला पत्ता नव्हता. आणि कित्येक दुसऱ्याच केंद्रात, कोणाला न सांगता, नियमाने औषध घेत होते. आपल्याकडेही २०१७ साली ‘मिशन संपर्क’ या नावाने अशा माणसांना शोधून परत आणण्याचे काम हाती घेण्यात आले. मात्र शोध घेणे ही नाजूक गोष्ट आहे. कार्यकर्ता गावात आला आणि चावडीवर घर विचारले, की त्या घराची बातमी झाली. कित्येक रोगी खोटा पत्ता देतात तो याच भयाने. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला, भेदभाव करण्यास बंदी केली आहे आणि माणसाची बाधा त्याच्या संमतीवाचून उघड करण्यास मनाई केली आहे. पण चावडीवरची कुजबुज कायद्याला ऐकू येत नाही.

उपाय कोठे सापडतो? मोझांबिक देशाच्या टेटे प्रांतात २००८ साली एक साधी युक्ती निघाली. सहा रोग्यांनी आपला गट करावयाचा. दर महिन्याला त्यांतील एकाने दवाखान्यात जाऊन स्वतःची तपासणी करून घ्यावयाची आणि साऱ्यांच्या गोळ्या घेऊन यावयाचे. प्रत्येकाची पाळी वर्षातून दोनदाच. ‘सीमेविना डॉक्टर’ या संस्थेच्या मदतीने चाललेल्या या गटांतील फारच थोडी माणसे उपचारातून गळाली. हे वाचले तेव्हा मला आपले बचत गट आठवले. ज्या बाईला आपण निष्काळजी म्हणतो ती बचत गटाचा हप्ता एकदाही चुकवत नाही. कारण तो गावात भरायचा असतो, थोड्या वेळात होतो, आणि ती न आली तर इतर बायका तिच्या घरी जाऊन विचारतात. अर्थात बचत गट उघड असतो आणि हा गट उघड करता येत नाही. सहा जणांनी एकमेकांना सांगायचे म्हणजे पाच वेळा गुपित मोडायचे. बाधितांच्या ज्या संघटना जिल्ह्याजिल्ह्यांत उभ्या राहिल्या आहेत, त्यांच्या आश्रयानेच असे काही होऊ शकेल. वरून हुकूम काढून नव्हे.

त्याहून सोपा उपाय टाळेबंदीने शिकवला. २०२० साली प्रवास बंद झाला तेव्हा एकदम तीन महिन्यांपर्यंतच्या गोळ्या द्याव्यात आणि जवळच्या कोणत्याही केंद्रातून त्या मिळाव्यात, अशी व्यवस्था करण्यात आली. बारा फेऱ्यांच्या चार होतात; ऊसतोडीला निघालेल्याचा अर्धा हंगाम निभावतो; सुनेला निमित्तेही चारच शोधावी लागतात. महिन्यामहिन्याने बोलावले म्हणजे शिस्त राहते असे मानणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. ज्याची प्रकृती स्थिर आहे त्याला वारंवार बोलावून आपण शिस्त लावत नाही, चुकण्याच्या संधी वाढवतो.

ज्यांना हंगामासाठी बाहेर जायचे आहे त्यांनी निघण्यापूर्वी आपल्या केंद्रात तसे सांगावे. जास्त दिवसांच्या गोळ्या मागाव्यात, आणि मुक्काम लांबणार असेल तर बदलीचा कागद मागून घ्यावा. हा कार्यक्रम साऱ्या देशात एकच असल्याने कलबुर्गीचा रोगी सोलापूर-पुण्यात आपला उपचार पुढे चालू ठेवू शकतो. आणि ज्यांच्या तारखा आधीच चुकल्या आहेत, एक नव्हे, दहा चुकल्या आहेत, त्यांचा औषधावरचा हक्क गेलेला नाही. उरलेल्या गोळ्या, जुनी पुस्तिका, जे असेल ते घेऊन पुन्हा जावे. पुस्तिका हरवली असली तरीही जावे. कोठे जावे हे ठाऊक नसेल तर १०९७ या क्रमांकावर फुकट दूरध्वनी करता येतो. तेथे नाव सांगावेच लागते असे नाही.